काजळीचं पातेलं

मांजराला दूध-भाकरी कुस्करून घातली की झालं, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. काजळी आमच्याकडे राहायला आली तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकीनं आधी हेच विचारलं, "दूध पिते ना गं?" मी दूध देत नाही. बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. भाकरीनं पोट भरतं, पण मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. कातडी आणि केस धड राहायला त्याला मांसच लागतं.

काजळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत दूध-भातावर वाढलेली. रंगानं काळी, पण उन्हात बसली की पाठ तांबूस दिसायची, केस राठ, शेपटीच्या बुडाशी कोंडा. उन्हानंही रंग उतरतो, पण आहाराचाही त्यात मोठा हात असतो. केसाचा काळा रंग शरीर टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनवतं आणि ते येतं प्रथिनांतून. ते कमी पडलं की काळं मांजर तांबूस होत जातं. मुळात केस म्हणजेच जवळजवळ सगळं प्रथिन.

खाणं बदलायच्या आधी मी तिला डॉक्टरांकडे नेलं, आणि हे कुणीही टाळू नये. पिसवा किंवा गजकर्ण असेल तर नुसत्या खाण्यानं काही होत नाही, शिवाय गजकर्ण घरातल्या माणसांनाही होतं. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध तर मांजराला कधीच लावू नका. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्यानं मांजर दगावतं.

आमच्या सासूबाई शाकाहारी, म्हणून काजळीचं पातेलं, सुरी, पाट सगळं वेगळं, आणि शेगडी मागच्या पडवीत. एक किलोच्या हिशोबात बहुतेक कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस, थोडं कातडीसकट. त्यात चिकनवाल्याकडून मागून आणलेली कोंबडीची हृदयं मूठभर आणि कलेजी फक्त पन्नास ग्रॅम. कलेजी हवीच, कारण गाजरातल्या रंगापासून आपण 'अ' जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. पण आवडते म्हणून रोज भरपूर घातली तर तेच जीवनसत्त्व साठून हाडं धरतात. हृदयं टॉरिनसाठी, म्हणजे मांसातून मिळणाऱ्या एका अमिनो आम्लासाठी. १९८७ साली अमेरिकेत पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडल्यानं मांजरांचं हृदय फुगून निकामी होतं. ते भरून काढलं की सुधारतंही. डोळ्यांनाही ते लागतं. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून मी पाणी बेताचंच घालते, मंद आचेवर झाकून शिजवते आणि खाली उरलेला रस एक थेंबही न टाकता मांसातच कालवते.

"अगं, चिमूटभर हळद तरी टाक, आपल्या सांगलीची आहे," सासूबाई लांबूनच सांगतात. "आई, तिला नाही लागत हो," एवढंच मी म्हणते. हळदीचं सोडा, कांदा-लसूण मात्र विषच. शिजवलेला, वाळवलेला, मसाल्यातला, कसाही असो, त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे घरच्या रश्श्यातलं मांस धुऊनसुद्धा देऊ नये.

बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच. त्यासाठी अंड्याची टरफलं उकळून, वाळवून मिक्सरवर अगदी पिठासारखी करून ठेवते. किलोला साधारण एक सपाट चमचा. टॉरिनची पूड, 'ई' जीवनसत्त्व आणि इतर पूरक गोष्टींचं माप डॉक्टरांनी तिच्या वजनावरून लिहून दिलंय. नेटवरची पाककृती उचलून महिनोन्‌महिने तेवढंच घालू नका, हे मी कळकळीनं सांगते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात मांजरांच्या ११४ घरगुती पाककृती गोळा केल्या होत्या. २०१९ साली तो अभ्यास छापून आला. ज्यांचं नीट विश्लेषण करता आलं, त्या सगळ्यांत काही ना काही कमी निघालं.

तकाकीसाठी तारली किंवा बांगडा. कोकणातली गाडी आली की थोडे आणते, वाफवते, काटे बोटांनी चाचपून काढते आणि आठवड्यातून एखाद-दोनदा थोडंसं कालवते. कच्ची मासळी नको, खारवलेली सुकी तर नकोच. जवस कुटून घालू का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. माणसाला जवस चांगला. मांजराचं शरीर मात्र त्यातल्या ओमेगा-३ या चरबीचं माशातल्यासारखं ओमेगा-३ जवळजवळ बनवतच नाही.

नवं खाणं जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. भूक लागली की खाईल आपोआप, हे मांजराच्या बाबतीत चालत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, लठ्ठ मांजराच्या तर जास्तच. आणि फरक दिसायला दीड-दोन महिने द्या, नवे केस यायला तेवढा वेळ लागतोच. काजळीचा कोंडा आधी गेला. मग पाठीवरून हात फिरवला की बोटांना केसांचा राठपणा जाणवेनासा झाला, आणि काळा रंग मानेपासून मागे मागे भरत आला.

जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा डॉक्टरांना विचारून माशाच्या तेलाची कॅप्सूल फोडून घालते. दुकानदार कॉड लिव्हर ऑइल पुढे करतो, ते घेऊ नका. त्यात 'अ' जीवनसत्त्व आधीच जास्त, आणि कलेजी तर पातेल्यात आहेच.