नायलॉन फुगतं, हे मला ठाऊक होतं

शनिवारी संध्याकाळी वर्कशॉपचं शटर ओढतानाच सरांचा फोन आला. "मिस्त्री, तुम्ही केलेल्या स्लाइड अडकल्या. शीड खालीच येईना. वाऱ्यानं आम्हाला काठाला नेऊन आपटलं." होडीत सर आणि त्यांचा कॉलेजातला पुतण्या, दोघंच होते. लागलं कुणाला नव्हतं. सर रागावले नाहीत, आणि रात्री मला झोप लागली नाही ती त्यामुळंच.

साताऱ्याच्या एमआयडीसीत माझं लेथ-मिलिंगचं काम. पंपाचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या, शाफ्ट, साखर कारखान्याचे किरकोळ पार्ट. शिडाच्या होडीचं काम आयुष्यात एकदाच आलं. सरांनी मुंबईहून बावीस फुटी जुनी होडी आणून कोयनेच्या शिवसागरात, बामणोलीच्या काठाला ठेवलीय. डोलकाठीच्या मागच्या अंगाला ॲल्युमिनियमचा ट्रॅक असतो. त्यात स्लाइड सरकतात, होडीवाले त्यांना कार म्हणतात, आणि शिडाची पुढची कड त्यांनाच अडकवलेली असते. खिडकीच्या पडद्याचं चॅनेल उभं केलं की झालं. पण पडद्यावर जोर नसतो. इथं शिडात घातलेल्या आडव्या पट्ट्या वारा भरला की स्लाइड डोलकाठीवर दाबून धरतात. म्हणून उतरवताना होडीचं तोंड वाऱ्याकडं करायचं. दाब सुटतो आणि शीड स्वतःच्या वजनानं खाली येतं. यायला हवं.

मूळच्या स्लाइडमध्ये बारीक प्लॅस्टिकच्या गोळ्यांचं बेअरिंग होतं, निम्म्या गोळ्या गळालेल्या. परदेशातून नवीन मागवणं सरांना परवडेना. फेब्रुवारीत ते ट्रॅकचा वीतभर तुकडा घेऊन आले. आतली खाच भरली २०.०० मिमी. मी कास्ट नायलॉनच्या, बिनगोळ्यांच्या स्लाइड केल्या, १९.८५ च्या. प्रत्येक कडेची धार हातानं घासून मारली. तुकडा तिरका धरला की स्लाइड आवाज न करता घसरायची, आणि बाजूला हलवून बघावं तर खडखड नाही. ते फिटिंग मी आल्यागेल्याला दाखवत होतो.

रविवारी पहाटे निघालो. सोबत मायक्रोमीटर, तो तुकडा आणि त्याच लॉटमधली खणात पडलेली एक जास्तीची स्लाइड. कासला फुलं बघायला आलेल्यांनी वळणावरच गाड्या लावल्या होत्या, तासभर तिथंच गेला. मागच्या माणसालाही कुठं पोचायचं असतं, हे या लोकांच्या मनातच येत नाही.

बामणोलीत चार जणांनी डोलकाठी उतरवून ड्रमवर आडवी टाकली. पहिला संशय ट्रॅकच्या जोडावर. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमला खातो. मुंबईच्या खाऱ्या हवेत तो प्रकार झालेलाच होता. स्क्रूभोवती पांढरी भुकटी, आणि डोकं अर्धा मिमी वर आलेलं. मला क्षणभर हायसं वाटलं, दोष माझा नाही. पण जोडाच्या कितीतरी खाली असलेल्या स्लाइडही गच्च बसल्या होत्या.

वर ट्रॅकभर ग्रीस. लाँचच्या इंजिनवर काम करणाऱ्या पोरानं चांगल्या हेतूनं लावलेलं. त्यात तिथली तांबडी माती बसून काळपट लाल लगदा झालेला. इंजिनवाल्यांना अडकलेल्या प्रत्येक गोष्टीला ग्रीस दिसतं. उघड्या ट्रॅकला ग्रीस लावू नये, साबणाच्या पाण्यानं धुवून सुकं सिलिकॉन मारावं.

लगदा काढला, तरी स्लाइड हलेना. लाकडी हातोडीनं ठोकत एकेक खालच्या तोंडातून बाहेर काढली. पुसून मायक्रोमीटर लावला. २०.०२. दुसरी २०.००. तिसरी २०.०३. खिशातली जास्तीची स्लाइड काढली, १९.८७. ती त्याच ट्रॅकमध्ये घातली तर सरळ खाली गेली.

सरांनी पावसाळ्यात शीड आडव्या काठीवर गुंडाळून वर ताडपत्री बांधली होती. स्लाइड ट्रॅकमध्येच. जून ते सप्टेंबर, बामणोलीचा पाऊस. ताडपत्रीखाली चार महिने त्या ओल्याच राहिल्या, नायलॉननं पाणी घेतलं आणि माझी पंधरा शतांश मिमीची फट भरून निघाली. शनिवारी शीड चढताना जड गेलं होतं, दोघांनी हँडल फिरवून जोरानं चढवलं. मग परतीच्या पावसाचं वारं सुटलं. होडी वाऱ्याकडं वळवली तरी शीड वरच.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री सांगायचे, पाण्यातला नायलॉनचा बुश सैल ठेव, तो पाणी पितो. वीस वर्षं पंपाच्या बुशला मी तसंच करत आलोय. पण डोलकाठी पाण्याच्या वर असते, म्हणून ती कोरडी, असं धरून चाललो. सरांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मी तरी कुठं विचारलं?" त्यांनी विचारायचं नव्हतं. ते माझं काम होतं.

नव्या स्लाइड डेलरिनच्या केल्यात. तेही प्लॅस्टिकच, पण फार थोडं पाणी घेतं. मापही १९.७० ठेवलंय. हलवलं की थोडं वाजतं, वाजू दे. जोडावरचा स्क्रू बदलला, स्टील आणि ॲल्युमिनियम वेगळं ठेवणारी पेस्ट खाली लावली. पैसे घेतले नाहीत. सर त्यावर मात्र रागावले.

स्लाइड अजून त्यांना दिलेल्या नाहीत. टेबलावर स्टीलच्या दोन पेल्यांत पाणी आहे. एकात खणातली नायलॉनची, एकात डेलरिनची. रोज सकाळी लेथ सुरू करण्याआधी मोजतो. आज अकरावा दिवस. नायलॉन १९.९२. डेलरिन १९.७१.