आमच्या पार्कचा नंबर मागे का?

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर सरळ आमच्या भागातल्या रिक्रिएशन सेंटरवर गेले, आणि खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनेच गेले. आमच्या घराजवळच्या पार्कातली खेळणी जुनी आहेत. मोडलेली नाहीत, पण जुनी. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, बस. माझी लेक सहा वर्षांची, तिच्या वर्गातल्या पोरांच्या पार्कात चढायच्या जाळ्या आणि पाण्याची कारंजी आहेत आणि तिला तेच पाहिजे. म्हणून इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या, पार्क बोर्डाच्या पुढच्या सहा वर्षांच्या कामांची यादी उघडली तर आमचा पार्क पार शेवटच्या वर्षात, म्हणजे तोवर लेक बारा वर्षांची होणार. आणि उत्तरेकडच्या वस्त्यांमधल्या पार्कांची नावं मात्र पुढच्याच वर्षी. पहिला विचार काय आला असेल ते गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या माणसाला सांगायला नको. कोणाचा तरी माणूस आहे वर.

सेंटरवर त्या दिवशी लोकांची मतं घ्यायला मीटिंग होती, आमच्या नाही, शेजारच्या पार्कासाठी. वीसेक माणसं, कॉफी, टेबलावर नकाशे, जे पाहिजे त्यावर चिकटवायला रंगीत टिकल्या. मी तिथल्या बाईंना विचारलं की आम्हीपण टॅक्स भरतो मग आमचा नंबर एवढा मागे का? त्यांनी ना आवाज चढवला ना टाळलं, एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. प्रत्येक पार्काला मार्क. त्या भागात गोरे नसलेले लोक आणि गरिबी दोन्ही किती, वस्ती किती दाट, मुलं किती, भाग सुरक्षित किती, खेळण्यांचं आयुष्य किती उरलंय, आणि मागच्या वर्षांत त्या पार्कावर किती पैसा आधीच खर्च झालाय. ह्या सगळ्याची बेरीज करून क्रम लागतो. आमच्या भागात घरं मोठी, प्रत्येकाच्या परसात अंगण, आणि पूर्वी इथे खर्चही झालेला. म्हणून मार्क कमी. म्हणून नंबर मागे. झालं.

मी त्या कागदाकडे किती वेळ बघत होते काय माहीत. माझी अडचण अशी की मला त्यात खोट काढता येईना. २०१६ मध्ये इथल्या सिटी कौन्सिलने आणि पार्क बोर्डाने मिळून वीस वर्षांची योजना केली, सुमारे १६० वस्तीतल्या पार्कांसाठी वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर जादा पैसा, आणि तो कुठे आधी जाणार ते हा हिशेब ठरवणार असा नियमच करून टाकला. म्हणजे उद्या मी बोर्डावरच्या कोणा मेंबरच्या घरी आंब्यांची पेटी घेऊन गेले तरी आमचा पार्क वर सरकणार नाही. (आंबे इथे मिळतात कुठे ते सोडा.) आणि उत्तरेकडची ती आई, जी दोन पाळ्या करून येते आणि जिला मीटिंगला यायला वेळ नाही, तिच्या पोराचा पार्क ती न मागता आधी होणार. मला ह्याचं इतकं वाटलं की घरी येऊन नवऱ्याला जेवता जेवता तेच सांगत बसले, तो म्हणाला अगं पार्कच आहे ना. पार्कच आहे, पण आपल्याकडे रांगेत पुढे कोण आणि मागे कोण हे कधी कोणी कागदावर लिहून दाखवलंय का मला सांगा.

अजून एक, तिथे कोणी मला तुम्ही कुठल्या, नागरिक आहात का, असं विचारलं नाही. मी व्हिसावर, मला मत नाही. पण टिकल्या मलाही दिल्या आणि लेकीलाही. तिने तिच्या सगळ्या टिकल्या पाण्याच्या खेळांवर चिकटवल्या.

ह्या शहरात पार्कांचा कारभार सिटी कौन्सिलकडे नाहीच. १८८३ पासून वेगळं पार्क बोर्ड आहे, त्याची निवडणूक वेगळी, नऊ कमिशनर, दर चार वर्षांनी, आणि घरपट्टीत त्यांची ओळसुद्धा वेगळी. त्यांचे स्वतःचे पोलीस आहेत. रस्त्याकडेची झाडंही त्यांचीच. त्याच १८८३ साली होरेस क्लीव्हलँड नावाच्या माणसाने बोर्डाला लिहून दिलं होतं की तळ्यांकाठची आणि नदीकाठची जागा आत्ताच ताब्यात घ्या, शहर वाढल्यावर ती परवडणार नाही. तेव्हा त्यातला बराच भाग दलदल. पुढे थिओडोर वर्थ हा १९०६ ते १९३५ सुपरिटेंडंट होता, त्याने तळी उपसून काठ भरून घेतले, आणि पोरांना घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर खेळायची जागा पाहिजे हा आग्रह धरला. आज तळ्यांना, ओढ्यांना आणि नदीला जोडणारी ऐंशी किलोमीटरच्या आसपास लांबीची वाट आहे. मायनस वीसमध्येसुद्धा तिच्यावरचा बर्फ काढलेला असतो आणि लोक सायकली चालवतात. हिवाळ्यात पार्कांतल्या मैदानांवर पाणी सोडून गोठवतात आणि पोरं स्केटिंग करतात, बाजूला ऊब घ्यायला खोली.

आता तुम्ही म्हणाल झालं हिचं, गेली आणि भुलली. तसं नाही. ज्या तळ्याकाठी मी चालायला जाते ते आधी डकोटा लोकांचं, त्यांच्याकडून ती जमीन कशी गेली ते काही सांगण्यासारखं नाही. गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्या एका पुढाऱ्याचं नाव त्याला होतं, ते काढून बिडे माका स्का हे डकोटा नाव अधिकृतपणे परत द्यायला २०१८ उजाडावं लागलं. आणि २०२४ च्या जुलैमध्ये पार्कांत काम करणारे लोक पगारासाठी तीन आठवडे संपावर होते. कमी पगारात गवत कापायला लावून कोणी आदर्श होत नाही.

आणि आपल्याकडे काहीच नव्हतं असंही मी कोणाला म्हणू देणार नाही. इथली एक मैत्रीण म्हणाली इंडियात पब्लिक स्पेस नसतेच, तर मी तिला अर्धा तास मांड म्हणजे काय ते सांगितलं. शिगम्याला सगळा वाडा, म्हणजे गावातली आपली वस्ती, जिथे जमतो, जिथे चप्पल काढून पाय ठेवायचा, जिथे घर बांधायचं कोणाच्या मनातही येत नाही, त्याला कुठलं बोर्ड लागलं? देवळासमोरचं प्रांगण, तळी, झर, भात कापल्यावर शेतात होणारा फुटबॉल. गांवकरीची, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची, जमीन तर ह्यांचं बोर्ड जन्मायच्या कित्येक शतकं आधीपासून गावाने मिळून सांभाळलेली. २००७ च्या जानेवारीत लोक रस्त्यावर उतरले म्हणूनच गोव्यातली कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा तो रीजनल प्लॅन सरकारला रद्द करावा लागला, ती माणसं कुठल्या मीटिंगला टिकल्या चिकटवून नव्हती आली. हे बोलताना माझा आवाज चढला होता.

पण रात्री झोप येईना, कारण तिला जे सांगितलं त्यातलं किती आज उरलंय हे मला माहीत आहे. शेतात फुटबॉल खेळायचो त्या शेतात आता प्लॉट आहेत. आमच्या वाड्यावर मी कॉलेजला असताना पोरांसाठी घसरगुंडी आणि सी-सॉ बसवला होता, संगमरवरी पाटी, नावं, हार, भाषणं. दुसऱ्या पावसात घसरगुंडी गंजली, तिसऱ्यात खालचा पत्रा गेला, मग गुरं बांधायला खांब उपयोगी पडले. पाटी अजून आहे. बसवायला पैसा मिळाला, पण दर वर्षी रंग कोणी लावायचा, बोल्ट कोणी बघायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. इथे माझ्या पार्काची खेळणी जुनी आहेत म्हणून मी भांडायला गेले, पण जुनी होऊनही ती धड आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बागा, मैदानं हे काम पालिकांचं असं घटनेच्या बाराव्या अनुसूचीत लिहिलेलंच आहे, त्र्याण्णवपासून लागू. पणजीत गार्सिया द ओर्ता बाग आहे, कांपालला बागा आहेत, आल्तिन्योला जॉगर्स पार्क आहे, पोरांना सुट्टीत आम्ही तिथेच नेतो. पण पणजी म्हणजे गोवा नाही. आमच्यासारख्या वाड्यांचं काय, तिथे कोणता वाडा आधी, कोणता नंतर, ते कुठल्या कागदावर आहे?

बुधवारी दादाला फोन केला. मी म्हटलं शाळेमागच्या मैदानाचा वन-फोर्टीन, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर तो उतारा, काढ ना, ऑनलाइन मिळतो. तो म्हणाला कशाला, सगळ्यांना माहीत आहे ते मैदान आहे. मी म्हटलं तरी काढ. काल रात्री, म्हणजे तुमच्याकडे सकाळी, त्याने फोटो पाठवला. ज्या मैदानावर बाबा खेळले, दादा खेळला, जिथे मी सायकल शिकले आणि आता वहिनीची पोरं क्रिकेट खेळतात, त्याच्यावर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरातली सात नावं आहेत, त्यातली दोन पोर्तुगालला. मैदान हा शब्द त्या कागदावर कुठेच नाही. दादाने खाली फक्त एवढंच लिहिलंय, रविवारी ग्रामसभा आहे, कागद घेऊन जातो, तू तुझी ती मार्कांची यादी पाठव.