तीर्थनच्या काठी आठ नाशिककर, नऊ ट्राउट

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. आम्ही आठ जण हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला गेलो. तीन दिवस पाण्यात होतो आणि सगळ्यांचे मिळून नऊ मासे लागले. त्यातले चार एकट्या माझ्या मेव्हण्याचे, आणि त्याने हे घरी आल्यापासून निदान चाळीस वेळा सांगितलं आहे.

आमची टोळी तशी जुनी. गंगापूरच्या बॅकवॉटरला, कधी दारणेच्या अंगाला रविवारी गळ टाकून बसणारी. बसणारी हा शब्द महत्त्वाचा. घडीची खुर्ची, चहाचा थर्मास, पिठाचा गोळा, आणि मग रोहू किंवा कटला येईपर्यंत सगळ्या जगाच्या गप्पा. पिंपळगाव बसवंतचे अण्णा तर काठी दगडात खोचून सरळ झोपतात. घुंगरू वाजलं की उठायचं. या पद्धतीने आमची वीस वर्षं बरी गेली. तीर्थनवर ती पहिल्या तासाभरात मोडीत निघाली.

तारीख ठरवणं हेच मोठं काम होतं. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण थंडीत ब्राउन ट्राउट नदीतल्या वाळूखड्यांत अंडी घालतो. म्हणजे मार्च उजाडल्याशिवाय जाऊन उपयोग नाही. जुलै-ऑगस्टात पाऊस, दरडी आणि गढूळ पाणी. उरले मार्च ते जूनचा पहिला भाग आणि पावसानंतरचे सप्टेंबर-ऑक्टोबर. इकडे अण्णांची द्राक्षं. काढणी संपायची होती आणि लगेच खरड छाटणी लागायची होती. मधल्या फटीत एप्रिलचा एक आठवडा सापडला. तुमच्यात कुणी बागायतदार असेल तर त्याचं वेळापत्रक आधी विचारा, रेल्वेचं नंतर.

नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेसने दिल्लीचं हजरत निजामुद्दीन, तिथून काश्मिरी गेटचा बसअड्डा, आणि रात्रीची मनालीकडे जाणारी बस. उतरायचं औटला. इथे नीट लक्ष द्या. मंडीकडून जाताना औटचा जवळपास तीन किलोमीटरचा बोगदा लागतो आणि तीर्थनकडे जाणारा बंजारचा फाटा त्या बोगद्याच्या अलीकडे आहे. कंडक्टरला रात्री एकदा सांगितलं की झालं, असं आम्ही समजलो. पहाटे त्याने हाक मारली तेव्हा पाच जण उतरले आणि तिघे, त्यांत मी, पांघरुणात. बोगद्याच्या पलीकडे जाग आली. मग टॅक्सी करून उलटे आलो, तर बाकीचे टपरीवर दुसरा चहा पीत बसले होते आणि कुणालाही आमची फार आठवण आलेली दिसली नाही. गजर लावा आणि एकाने जागं राहा.

औटहून लारजी, बंजार आणि पुढे गुशैणी. लारजीला तीर्थन आणि सैंज या दोन्ही नद्या बियासला मिळतात. तिथून वर तीर्थनच्या कडेकडेने रस्ता जातो. पाणी पाहून आमची भाषणं बंद झाली. तळातला एकेक गोटा मोजता येत होता. या नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून इथल्या लोकांनी झगडा दिला; माजी आमदार दिलाराम शबाब त्यात पुढे होते. नदी आज मोकळी वाहते ती त्यामुळे. खोऱ्याचा वरचा भाग ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कात येतो, ज्याला २०१४ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. पार्काच्या हद्दीचे नियम वेगळे, तेव्हा गळ घेऊन वर भटकू नका.

ट्राउट हा मूळचा इथला मासाच नव्हे. इंग्रजांना घरची आठवण यायची म्हणून त्यांनी अंडी आधी काश्मिरात आणली, आणि १९०९ मध्ये काश्मिरातून कुलूत. पुढे नॉर्वेच्या मदतीने बियासकाठी पतलीकुहलला ट्राउटपालन सुरू झालं. ताटात येणारा ट्राउट बहुतेक अशा तळ्यांतला रेनबो असतो. नदीतला ब्राउन त्याचा चुलतभाऊ म्हणा, पण स्वभावाने पार वेगळा. अंगावर काळे-तांबडे ठिपके, आणि संशय इतका की आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेच्या मॅनेजरने शिकावा.

परवाना काढायलाच लागतो. मत्स्य विभागाचा रोजचा परवाना असतो, आम्हाला माणशी दिवसाला शंभर रुपये पडले. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या माणसांनी ते काम करून दिलं, फक्त आधारकार्डाच्या झेरॉक्स जवळ ठेवा. किती मासे ठेवता येतात आणि किती लांबीच्या आतला सोडावाच लागतो, हे तिथेच विचारून घ्या. परवाना खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, कारण तुम्ही पाण्यात पडणार आहात.

पहिला दिवस. सकाळी सहाला आम्ही आठही जण एका झकास डोहावर ओळीने उभे राहिलो. तात्यांनी खुर्ची आणली होती. गावातला वाटाड्या पोरगा वीस-बावीस वर्षांचा, तो थोडा वेळ गप्प बघत राहिला आणि मग अतिशय अदबीने म्हणाला, “अंकल, यहाँ बैठते नहीं, चलते हैं.” मग त्याने डोहाकडे बोट दाखवलं. आम्ही रांगेने उतरलो तेव्हाच तिथले मासे निघून गेले होते. आठ माणसांच्या सावल्या, आठ जोडी बुटांची खडखड, आणि अण्णांचा आवाज, जो पिंपळगावच्या बाजारात लिलावाला तयार झालेला आहे. दुपारपर्यंत एकालाही साधा झटका आला नाही.

या सगळ्या वृत्तांतातलं काही लक्षात ठेवायचं असेल तर एवढं ठेवा: प्रवासाला आठ माणसं ठीक, गाडीभाडं वाटलं जातं, संध्याकाळ मजेत जाते. पाण्यावर मात्र दोघांपेक्षा जास्त नकोत. दुसऱ्या दिवशी आम्ही चार जोड्या केल्या, नदीचे चार तुकडे वाटून घेतले आणि दोन तुकड्यांमध्ये चांगलं अर्धा-पाऊण किलोमीटर अंतर ठेवलं. त्या दिवशी पाच मासे लागले.

ट्राउट प्रवाहाच्या उलट्या दिशेला तोंड करून असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणून आपण खालून वर चालत जायचं, म्हणजे त्याच्या पाठीमागून. मोठ्या दगडाच्या मागे पाणी जरा निवांत फिरतं, तिथे तो दबा धरून राहतो. वेगवान धार आणि संथ पाणी यांच्या शिवेवरही. गळ त्या दगडाच्या वर टाकायचा आणि धारेबरोबर खाली येऊ द्यायचा. एका जागी चार-पाच वेळा टाकला आणि काही झालं नाही, तर पुढचा दगड. आमच्या सातपूरच्या कंपनीतल्या दोघांना हे लगेच जमलं, बहुधा दिवसभर मशीनवर उभं राहायची सवय असल्याने. मला जमायला तिसरा दिवस उजाडला. एका जागी पन्नास वेळा गळ टाकायचा माझा हट्ट सुटत नव्हता. गंगापूरला तोच गुण ठरतो.

पिठाचा गोळा विसरा. इथे लहान स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं धातूचं नकली आमिष, चालतो, पाच ते सात ग्रॅमचा, रुपेरी किंवा तांबूस. पाण्यात फिरताना त्याचं पातं छोट्या माशासारखं लकाकतं. कृत्रिम माशीने धरणारे खरे दर्दी, पण ती काठी फिरवायला शिकायला वेळ लागतो. भाच्याने प्रयत्न केला आणि स्वतःची टोपी धरली. दोरा सहा ते आठ पौंडी पुरे, धरणावरचा जाड दोरा त्या काचेसारख्या पाण्यात दोरखंडासारखा दिसतो. स्पिनर माणशी सहा-सात तरी न्या, कारण दगडात अडकून निम्मे जातात. पोलराइज्ड गॉगल घ्या, त्याने पाण्यावरची चकाकी जाते आणि आतलं दिसतं. मेव्हण्याच्या चार माशांमागे कौशल्य किती आणि गॉगल किती, हा टोळीतला वादाचा विषय आहे.

गळाची उलटी अणी पक्कडीने दाबून टाका. मासा सोडायचा असेल तर गळ जखम न करता निघतो, आणि भाच्याच्या टोपीसारख्या प्रसंगी तुमच्या कानातूनही. माशाला हात लावण्याआधी हात पाण्यात बुडवून ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर रोगाने मरतो. फोटो काढायचाच तर मासा पाण्यातच धरून काढा. आम्ही सात सोडले, दोन ठेवले. माझा तिसऱ्या दिवशीचा एकमेव ट्राउट वीतभर आणि वर चार बोटं होता. हातात आल्यावर गार पाण्याची लाट धरल्यासारखं वाटलं. सोडला तेव्हा क्षणभर माझ्या बुटाशी थबकला आणि मग दिसेनासा झाला.

आता पाण्याबद्दल, आणि इथे थट्टा नाही. एप्रिलपासून वरचं बर्फ वितळतं. सकाळी पाणी कमी आणि नितळ असतं. दिवसभराचं वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली पोचतं आणि नदी चढते. ती चढताना कळत नाही. नाशिकला आपल्याकडे दुतोंड्या मारुती आहे, त्याच्या कमरेला पाणी की छातीला, यावरून गाव अंदाज बांधतं. आम्ही तिथेही तेच केलं. सकाळी पोचल्या पोचल्या काठावरचा एक दगड हेरायचा, त्याला मारुती म्हणायचं, आणि दर अर्ध्या तासाने बघायचं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता आमचा मारुती दिसेना, तेव्हा तात्या आणि डॉक्टर नदीपलीकडे होते. त्यांना पुलापर्यंत चालत वळसा घालून यायला दीड तास लागला. दुपारी दोननंतर नदी ओलांडू नका, आणि गुडघ्यापेक्षा वर पाणी असेल तर कधीच नको. गोटे शेवाळाने साबणासारखे असतात. हातात काठी हवी, बूट घट्ट पकडीचे हवेत. अण्णा चपलेवर उतरले आणि परवान्यासकट बसले.

खाली बियासवर तर आणखी जपा. तिथे लारजीचं धरण आहे आणि धरणाखालचं पात्र क्षणात भरतं. ८ जून २०१४ ला थलौटजवळ पात्रात उतरलेले हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी असेच वाहून गेले. तिथे फोटोसाठीही उतरू नका.

जेवणाचं सांगायचं तर घरगुती मुक्कामात राजमा-भात, सिड्डू (आंबवलेल्या पिठाची वाफवलेली पोळी) आणि तूप भरपूर. ठेवलेले दोन ट्राउट घरच्या ताईंनी मोहरीच्या तेलात फक्त हळद-मीठ लावून तळले. अण्णांनी घरून काळा मसाला आणला होता आणि त्यांना रस्सा करायचाच होता. एका माशावर त्यांचा हक्क मान्य केला. रस्सा फर्मास झाला, फक्त त्यात ट्राउट होता हे सांगावं लागत होतं. या माशाचं मांस फार हलकं असतं, त्याला आपला मसाला सोसत नाही. कोंडाजी चिवड्याची पाकिटं मात्र भरपूर न्या. वाटाड्या पोराने एक फक्त आईसाठी मागून घेतलं.

सामानातलं राहिलं. काठ्या रेल्वेत मोडतात, म्हणून आम्ही प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइप कापून घेतला, दोन्ही टोकांना झाकणं बसवली आणि सगळ्या काठ्या आत कोंबल्या. कल्पना उत्तम, पण निजामुद्दीनला सामान तपासणाऱ्याने पाइपकडे ज्या नजरेने पाहिलं त्यासाठी तयार राहा. झाकण चिकटवून टाकू नका, उघडून दाखवावं लागतं. एप्रिलमध्येही सकाळी बोटं वाकत नाहीत इतकी थंडी, तेव्हा स्वेटर आणि लोकरी मोज्यांचे तीन जोड. रोख पैसे बंजारलाच काढून घ्या. नेटवर्क नदीत उतरलं की जातं, म्हणून परत भेटायची वेळ आणि जागा सकाळीच ठरवा.

नाशिक रोड ते नाशिक रोड आठ दिवस लागले. त्यातले पाण्यातले तीनच, हा हिशेब आमचा चुकला. तुम्ही पाच ठेवा. पुन्हा जायचं सप्टेंबरअखेरीस, पाऊस ओसरल्यावर आणि अण्णांच्या ऑक्टोबर छाटणीआधी, हे परतीच्या गाडीतच ठरलं. चारच जणांनी जायचं, हेही ठरलं. ते चार कोण, यावर भोपाळपासून सुरू झालेला वाद मनमाड गेलं तरी मिटला नव्हता.