कानामागची गाठ

मार्चमध्ये आमच्याकडे देवगडला हापूसची काढणी सुरू झाली की हातामानेला चीक लागतोच. उजव्या कानामागे मसुराएवढे दोन लाल फोड दिसले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चीक उडालो असतलो गो, खोबरेल लाव." मलाही तेच वाटलं.

पण चिकाचा डाग खपली धरून जातो. इथे महिन्याभरात दोनाचे तीन झाले, वाटाण्याएवढे फुगले. रात्री खाज सुटायची. फणीचा दात लागला की पदर दाबून बसावं लागे, इतकं रक्त. बोट ठेवलं तर आत नाडी उडतेय असं लागायचं.

जवळच्या एका डॉक्टरांनी पू असेल म्हणून चिरा दिला. पू नव्हताच. रक्त थांबवायला दोन टाके पडले. आधी तुकडा तपासायला पाठवला असता तर ते रक्त गेलं नसतं, याचा राग अजून आहे.

मग करूळ घाट चढून कोल्हापूर. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी जागा बधिर करून बायोप्सी घेतली. रिपोर्टला आठ दिवस. आम्ही पेट्या भरत होतो, पण 'गाठ' हा शब्द घरात कोणी तोंडातून काढला नाही.

रिपोर्टवर नाव होतं 'अँजिओलिम्फॉइड हायपरप्लेझिया विथ इओसिनोफिलिया'. कॅन्सर नाही, हे बाईंनी आधी सांगितलं आणि मला रडूच फुटलं. मग कागदावर काढून दाखवलं: बारीक रक्तवाहिन्यांची गर्दी, त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी फुगलेल्या, भोवती लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी. वेल्स आणि व्हिम्स्टर या डॉक्टरांनी 1969 मध्ये याला हे नाव दिलं. आजार दुर्मीळ, संसर्गाचा नाही, बहुतेकदा कानाभोवती आणि डोक्यावरच होतो. काहींच्या रक्तातही इओसिनोफिल वाढतात, माझे वाढलेले नव्हते.

गाठी मुळाशी असलेल्या रक्तवाहिनीसकट काढल्या. वरवर काढल्या तर पुन्हा येतात, आणि नीट काढूनही येऊ शकतात, हे बाईंनी आधीच बजावलं होतं. तसंच झालं. सहा महिन्यांनी व्रणाच्या टोकाला तांदळाएवढा लाल ठिपका दिसला. वाढला तर लेसर करायचं ठरलंय. तोवर दर एक तारखेला रुपयाचं नाणं शेजारी धरून मोबाइलवर फोटो काढतो आणि मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघतो. नाणं धरायचं काम सासूबाईंकडे आहे.