मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं

आमच्या हायस्कुलात मधली सुट्टी दहाला होते. घंटेच्या पाच मिनिटं आधी मी उपडे घातलेले ग्लास सरळ करून ठेवते, कारण पोरं एकदा आली की हात मोकळा राहत नाही. पहिला प्रश्न बारा महिने एकच. "मावशे, थंड कितें आसा?" म्हणजे थंड काय आहे? भाजी-पाव, उसळ हे सगळं त्यानंतर.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. आमच्या महिला गटाकडे या कॅन्टीनचं काम आलं त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिली पाच वर्षं त्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणजे फ्रीजमधली बाटली. फ्रीज कोल्ड्रिंकच्या वितरकाने फुकट दिलेला, काचेच्या दाराचा, आत दिवा असलेला. अट एवढीच की दर्शनी कप्प्यांत त्यांचाच माल हवा. गटाकडे तेव्हा स्वतःचा फ्रीज घेण्याइतके पैसे नव्हते. माझं दूध आणि चिरलेली भाजी त्याच फ्रीजच्या तळाला असायची. शाळेत बाटल्या कशा शिरतात ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून हे सांगितलं. बाटलीच्या आधी फ्रीज येतो.

केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, शाळकरी मुलांच्या खाण्यापिण्याचे नियम २०२० साली काढले आणि १ जुलै २०२१ पासून ते लागू झाले. ज्यात साखर, मीठ किंवा वाईट चरबी जास्त आहे असं काहीही शाळेच्या आवारात विकायचं नाही, फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत विकायचं नाही, त्याची जाहिरातही करायची नाही. तेव्हा कोविडमुळे वर्ग बंद होते. आमच्यापर्यंत तो कागद पोचेपर्यंत २०२२ उजाडलं. हेडसरांनी मला बोलावून वाचून दाखवला. मी त्याच आठवड्यात वितरकाला फोन केला आणि फ्रीज घेऊन जायला सांगितलं. गटाने कर्ज काढून साधा फ्रीज घेतला, पांढरा, बंद दाराचा.

बाटल्या गेल्या त्या दिवशी मी खूश होते. कोकम सरबत तर आमच्या घरचंच. परसातल्या झाडाची भिरंडां, म्हणजे कोकमाची फळं, हाताने फोडलेली, सालीला साखर लावून बरणीत घालून उन्हात ठेवलेली. रंग नाही, सोडा नाही. पोरांना याहून चांगलं काय देणार?

मग विज्ञानाच्या बाई एक दिवस वजनकाटा घेऊन आल्या. सातवीच्या मुलांना साखर मोजायला शिकवायची होती. त्यांनी कोल्याच्या बाटलीवरचं लेबल वाचलं, १०० मिलीलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत २६ ग्रॅमच्या वर. चहाचे पाच चमचे. पुढे त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काकी, तुमच्या सरबतात किती घालता?" मी एक किलो सालीला दोन किलो साखर घालते, सगळेच घालतात. पाक किती, पाणी किती, हिशेब केला. एका ग्लासात २४ ग्रॅम आली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं आहे की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी, आणि जमलं तर पाच टक्क्यांहून कमी. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. पाचवीतल्या पोराला त्याहूनही कमी. आणि मी ती सगळी एका ग्लासात घालून, वर "घरचं आहे" म्हणून हातात देत होते. फळांच्या रसातली आणि मधातली साखरही ती संघटना त्याच हिशेबात धरते, हे मला बाईंनीच सांगितलं.

साखर मी हळूहळू उतरवली. आधी पाक कमी केला आणि आंबटपणासाठी आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, वाढवलं, भाजलेलं जिरं घातलं. २४ वरून १६ वर आले तेव्हा कोणी काही बोललं नाही. १० वर आले तेव्हा आठवीच्या मुलांनी ग्लास अर्धे ठेवले. आगळात मीठ असतं, त्यामुळे आंबट वाढवू तसं खारटही वाढतं, आणि नियमात मीठही आहेच. म्हणून आता सोलं, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली, साध्या पाण्यात भिजवून घेते. सोलांच्या पाण्याची फुटी कढी ठेवून पाहिली, हिंग, कोथिंबीर, मिरची ठेचून, नारळ नाही, साखर नाही. पहिल्या दिवशी सहा ग्लास गेले. आता तीस-पस्तीस जातात, बहुतेक मोठी मुलं घेतात. ताक मात्र पहिल्या दिवसापासून चाललं.

अमेरिकेत २०१४-१५ च्या शालेय वर्षापासून हा नियम मापाने लिहिलेला आहे. प्राथमिकच्या मुलांना साधं पाणी, दूध, किंवा वरून साखर न घातलेला शंभर टक्के फळांचा रस, तोही साधारण २४० मिलीच्या वर नाही. प्राथमिक आणि मधल्या वर्गांत कॅफिन अजिबात नाही. रसाबद्दल माझं मत वेगळं आहे, तेवढ्या संत्र्याच्या रसातही वीसेक ग्रॅम साखर असते. पण इयत्तेप्रमाणे ग्लासाचा आकार ठरवणं मला पटलं. मीही पाचवी-सहावीसाठी छोटे ग्लास आणले, १५० मिलीचे.

आता फाटकाबाहेरचं. शाळेच्या खेळाच्या टेपने मी आणि शिपाईमामांनी मोजलं, समोरचा थंड बाटल्या विकणारा गाडा ३८ मीटरवर आहे. आमच्या गावात शाळा, देऊळ, बसथांबा आणि गाडा हे सगळं एका हाकेच्या अंतरात. पन्नास मीटर मोजत गेलं तर अर्धा गाव त्यात येतो. गाडेकाराच्या दोन्ही मुली याच शाळेत शिकल्या. मी त्याची तक्रार केलेली नाही, आणि हे मला बरोबर वाटतं असंही नाही.

कारण मागच्या वर्षी पूर्वपरीक्षेला दहावीच्या एका मुलीचे हात थरथरत होते, छातीत धडधड. मॅडम तिला माझ्याकडे घेऊन आल्या. दप्तरात एनर्जी ड्रिंकच्या दोन बाटल्या निघाल्या, जागून अभ्यास करायला घेतलेल्या. आपल्याकडे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, आणि मुलांसाठी योग्य नाही असं बाटलीवर छापावंच लागतं. छापलेलं होतं. बारीक इंग्रजी अक्षरांत, माझ्या चष्म्याने जेमतेम दिसेल असं. वीस रुपयांची बाटली, पोरगी मराठी माध्यमातली. त्या दिवशी मी गाडेकाराकडे गेले आणि एवढीच एक गोष्ट मागितली, ही बाटली ठेवू नको. "वयनी, मला ठाऊक नव्हतं," म्हणाला, आणि त्याने ती काढली. बाकीच्या आहेत. आंब्याच्या पेयावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यात आंब्याचा गर दहा-वीस टक्के आणि बाकी पाणी-साखर, तरी कराच्या कागदावर ते फळात धरलं जातं. याचा मला राग येतो.

पण पोरं गाड्यावर का जातात हे मला एप्रिलमध्ये उभं राहून पाहिल्यावर समजलं. गोव्यात माध्यमिकचे वर्ग २०२५ पासून एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. दहा वाजताच टाकीचं पाणी कोमट. थंड पाण्याचा कूलर एक, नळ तीन. मी घड्याळ लावून मोजलं, एका मुलाला बाटली भरून बाजूला व्हायला पंधरा सेकंद लागतात. एका मिनिटाला तीन नळांवर बारा मुलं, वीस मिनिटांत दोनशे चाळीस. शाळेचा पट चारशे दहा. म्हणजे रोज एकशे सत्तर मुलांना घंटेपर्यंत थंड पाणी मिळूच शकत नाही. माझ्यासमोर रांगेच्या शेवटची मुलं घड्याळाकडे बघायची आणि फाटकाकडे वळायची. तिथे गारेगार बाटली अर्ध्या मिनिटात हातात. नियमात साखरेचं आहे, पण या रांगेतली मुलं तहानलेली होती.

हा हिशेब मी कागदावर लिहून पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, सभेत वाचला. एका पालकांनी विचारलं, मुलं घरून पाणी आणत नाहीत का? आणतात, पण लांबच्या वाड्यांवरची मुलं साडेसहाला बस धरतात, आठपर्यंत बाटली रिकामी होते. सभेने दुसरा कूलर घ्यायचं मान्य केलं, निम्मे पैसे आमचा गट देणार आहे. सध्या हेडसर पाचवी-सहावीला सुट्टीच्या पाच मिनिटं आधी पाण्याला सोडतात. नळ त्यांना उंच पडतो, म्हणून मी कॅन्टीनमधला लाकडी पाट तिथे नेऊन ठेवला आहे. नवीन कूलरचा एक नळ खाली बसवून द्या असं दुकानदाराला सांगितलंय. तो म्हणाला, वेगळं स्टँड करावं लागेल, दीड हजार जास्त. परवा वाळपईला, तालुक्याच्या गावाला, जाऊन मी ते ठरवून येणार आहे.