तीन मीटर खोलीपर्यंत

तिन्ही बाजूंनी खडकांनी वेढलेल्या त्या किनाऱ्यावर लाटा फुटत नव्हत्या, म्हणून स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खालचे पाहणे, शिकण्यासाठी मी तीच जागा निवडली. मात्र शांत पाण्यात सगळेच सोपे जाईल ही माझी समजूत अर्धीच खरी ठरली. उतरण्यापूर्वी मी आणि माझी बहीण काठावर उभ्या राहून बराच वेळ नुसते पाणी न्याहाळत होतो. अशा जागेचे तोंड अरुंद असेल तर ओहोटीचे पाणी तेथून जोराने बाहेर ओढले जाते, त्यामुळे पूर्ण भरतीनंतर पाणी काही काळ थबकते तीच वेळ आम्ही गाठली.

सुरुवातीचा अर्धा तास डोळे आणि नाक झाकणाऱ्या मास्कनेच खाल्ला. कडेखाली अडकलेली केसांची एक बट पाणी आत येण्यास पुरेशी होती, आणि काचेवरचे धुके थुंकी चोळून खळखळल्याशिवाय हटेना. फिन्स, म्हणजे पायांतले रुंद पंख, घालून समोर चालण्याचा हट्ट सोडला आणि उलट पावली पाण्यात शिरले, तेव्हा कुठे धडपडणे थांबले. तोंडाने संथ श्वास घेत तरंगणे त्या मानाने लवकर जमले.

खरी परीक्षा बुडी मारताना झाली. समुद्रात दर 10 मीटरला सुमारे एका वातावरणाइतका, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो. पृष्ठभागावरचा दाब त्यामुळे पहिल्या 10 मीटरांतच दुप्पट होतो, आणि कानांना तो अगदी उथळ पाण्यातही जाणवतो. दोन मीटरवर माझ्या उजव्या कानात कळ आली आणि मी घाबरून वर आले. चूक अशी की, कान दुखू लागल्यावर मी नाक दाबत होते; ते दुखण्याआधीच, डोके खाली वळताच नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलायला हवी आणि खाली जाताना तेच पुन्हा पुन्हा करायला हवे. जोर लावला तर कानाला इजा होऊ शकते. मास्क चेहऱ्यावर आवळला जाऊ लागला की नाकाने थोडी हवा आत सोडायची, हे मला बहिणीने सांगितले.

जास्त वेळ खाली राहता यावे म्हणून भराभर खोल श्वास घेण्याचा मोह मला झाला होता. तसे केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड उशिरा जाणवते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून एकीने बुडी मारायची आणि दुसरीने वरून लक्ष ठेवायचे, हा नियम आम्ही उथळ पाण्यातही मोडला नाही.

सातव्या-आठव्या बुडीला मी तीन मीटरवरच्या वाळूपर्यंत पोहोचले. एका शिंपल्याकडे हात नेला तर बोटे मध्येच थांबली, कारण पाण्याखाली वस्तू प्रत्यक्षापेक्षा जवळ आणि मोठ्या दिसतात. शिंपला तिथेच राहिला. मी हवेसाठी वर आले, आणि थंडीने ओठ थरथरू लागल्यामुळे त्या दिवशी पुन्हा खाली गेले नाही.