पवनचक्कीच्या समोरचा किनारा

कोपनहेगन सुंदर आहे, महाग आहे, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून ते इथेच संपवतो. मला लिहायचंय ते डेन्मार्कच्या दक्षिणेला, जर्मन सीमेजवळ असलेल्या ड्युबलबद्दल. तिथे आम्ही गेलो ते केवळ काकांमुळे. काका तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक होते. हॅम्बुर्गला माझ्याकडे आल्यापासून बंदर, चर्च, म्युझियम सगळं त्यांनी सारख्याच निर्विकार चेहऱ्याने पाहिलं. शेवटी मी म्हटलं, "काका, जिथे तोफांनी लढाई जिंकली अशी जागा बघायची का?" दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बूट घालून तयार.

फ्लेन्सबर्गपर्यंत रेल्वे आणि पुढे बसने सोनरबोर्ग. सीमा कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही, फक्त पाट्यांवरची भाषा बदलली.

ड्युबलच्या टेकडीवर पांढरी पवनचक्की आहे. डॅनिश लोकांच्या दृष्टीने ती म्हणजे देशाचा मानबिंदू, आणि त्यामुळे झाडून सगळे तिथेच फोटो काढत उभे. १८६४ला याच टेकडीवर प्रशिया या त्या वेळच्या जर्मन राज्याने डॅनिश सैन्याला हरवलं, पण गंमत म्हणजे ही चक्की तेव्हाची नाहीच. १८४९ आणि १८६४ अशा दोन्ही युद्धांत ती उद्ध्वस्त झाली, पुन्हा बांधली, मग १९३५ला जळाली, आत्ताची १९३६ची. शेजारच्या इतिहास केंद्रात मातीचा बुरूज, टोकदार लाकडी खांबांचं कुंपण वगैरे उभं केलंय, पण तिथे शाळांच्या सहली इतक्या होत्या की काकांना एका तोफेजवळ धड उभं राहता येईना. "चल इथून," म्हणाले. "मारा झाला कुठून ते दाखव."

मारा झाला समोरून. वेमिंगबुंद नावाच्या खाडीपलीकडून. सरळ रेषेत समोरच दिसतं, पण रस्त्याने सगळी खाडी वळसा घालून, ब्रोआगरच्या दोन मनोऱ्यांच्या चर्चवरून जावं लागतं. टॅक्सीचे किती झाले ते काकांना मी अजून सांगितलेलं नाही.

गामेलमार्कला उतरलो तर माणूस नाही. शेत, काठावरून जाणारी पायवाट, एक बाकडं आणि वारा. वारा असा की कानटोपी घालूनही कान दुखत होते, आणि हा म्हणे इकडचा वसंत. पाण्यापलीकडे ड्युबलची चढण आणि तिच्यावर नखाएवढी पांढरी चक्की. काका बाकड्यावर बसले नाहीत. उजवा हात लांब करून एक डोळा मिटला, मूठ चक्कीवर धरली, मग टेकडीच्या उजव्या उतारावर सरकवली. "अडीच-तीन हजार मीटर," म्हणाले. "आणि बघ, आपण समोर नाही, बगलेला आहोत. इथून टाकलेला गोळा एका बुरुजावरून चुकला तर दुसऱ्यावर पडेल."

नेमकं तेच झालं होतं. डॅनिश सैन्याने फेब्रुवारी १८६४मध्ये डानेविर्केची जुनी तटबंदी सोडून माघार घेतली आणि ड्युबलला दहा बुरुजांच्या ओळीआड ते येऊन बसलं. जुन्या, गुळगुळीत नळीच्या तोफांचा पल्ला पाहता खाडीपलीकडची भीती बाळगण्याचं कारण नव्हतं. पण प्रशियनांकडे आटे पाडलेल्या नळीच्या तोफा होत्या, मागून भरायच्या. गोळ्यावर शिशाचं वेष्टन. नळीतून जाताना शिसं आट्यांत रुतायचं आणि गोळा गरगरत, सरळ, लांब जायचा. १५ मार्चला इथून मारा सुरू झाला. १८ एप्रिलला पहाटे चारपासून सकाळी दहापर्यंत सगळ्या बाजूंनी तोफा धडाडल्या, मग पायदळ उठलं आणि दक्षिणेकडचे बुरूज अर्ध्या तासात पडले.

ड्युबलच्या वेढ्यातल्या या तोफखान्याची सूत्रं ज्याच्याकडे होती तो गुस्टाव एडुआर्ड हिंडरसिन. युरोपच्या इतिहासात प्रशियाचा मुत्सद्दी बिस्मार्क आणि सेनानी मोल्टके यांच्या सावलीत हा माणूस कुणाला दिसत नाही. वेर्निगेरोडे गावच्या धर्मगुरूचा मुलगा, जन्म १८०४चा. १८२०ला तोफखान्यात शिरला, १८२५ला अधिकारी झाला, आणि १८४१ला जनरल स्टाफमध्ये, म्हणजे युद्धाच्या योजना आखणाऱ्या मुख्य कचेरीत गेला तेव्हाही कनिष्ठ अधिकारीच होता. "एकवीस वर्षं?" काकांनी विचारलं. प्रमोशनचं दुखणं त्यांना कुठल्याही भाषेत कळतं. पुढे नकाशांच्या विभागाचा प्रमुख. १८४९ला बाडेन या जर्मन राज्यातलं बंड मोडायला गेला आणि लाडेनबुर्गच्या चकमकीत बंडखोरांच्याच हाती सापडला. बंडखोरांचा राश्टाटचा किल्ला पडायच्या जरा आधी सुटला.

ड्युबलनंतर त्याला उमरावकी मिळाली आणि लवकरच तो तोफखान्याचा इन्स्पेक्टर जनरल झाला. मला त्याची खरी कामगिरी इथून पुढची वाटते, आणि ती सगळी कचेरीतली आहे. गुळगुळीत नळीचे दिवस भरले हे त्याला कळलं होतं. वरिष्ठांना पटत नव्हतं, संसद पैसे देताना हात आखडत होती. किल्ल्यांवरचे तोफची वर्षानुवर्षं त्याच बुरुजावर त्याच तोफांचा सराव करत बसले होते. हे ऐकून काका इतके हसले की वाऱ्याने ठसका लागला. "अशी एक पलटण मी पाहिलीय," म्हणाले. कुठली ते सांगितलं नाही.

१८६४ला प्रशियाच्या दर चार बॅटऱ्यांपैकी (बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी) एकीकडेच आट्यांच्या तोफा होत्या. दीडेक वर्षात, ऑस्ट्रियाशी युद्ध जुंपलं तेव्हा, सोळांपैकी दहा. तरी १८६६ला ऑस्ट्रियन तोफखान्याने प्रशियनांना बहुतेक ठिकाणी मात दिली. तोफा नव्या, चालवणारे जुनेच. हिंडरसिन तोफांच्या नेमबाजीच्या शाळेसाठी वेळी-अवेळी सगळ्यांच्या मागे लागला होता आणि तुटपुंज्या पैशांत ती निघालीही होती. आता कुठे तिला नीट पाठबळ मिळालं. १८७०ला फ्रान्सशी युद्ध झालं. ग्रावलोट आणि सेदानच्या लढाया, पॅरिसचा वेढा: तिथे जर्मन तोफखान्याने काय केलं ते फ्रेंचांना विचारा. प्रशियाच्या राजाच्या मुख्यालयात तोफखान्याचा प्रमुख म्हणून हिंडरसिन हजर होता. जानेवारी १८७२मध्ये बर्लिनला वारला, कामाने पार झिजून.

काका खूश. "उस्तादांचा उस्ताद!" मी मात्र जरा कुरकुरलो. समोर आल्स बेटाच्या काठावर सोनरबोर्ग दिसत होतं. २ एप्रिलला प्रशियन तोफांनी त्या गावावरही मारा केला. घरं जळाली, साधी माणसं मेली. पल्ला वाढला की हेही वाढतं. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाव जाळा असं शाळेत शिकवत नाहीत. ते हुकूम वरून येतात." मला ते पूर्ण पटलं नाही आणि मी तसं बोललोही. परतीच्या टॅक्सीत आमची चांगलीच जुंपली. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

फ्लेन्सबर्गच्या गाडीत मी विषय बदलला. बर्लिनला राइशस्टागजवळ, म्हणजे संसदेच्या इमारतीजवळ, हिंडरसिनच्या नावाचा रस्ता होता, तो आता नाही, आणि तिथला टेगेल विमानतळ जिथे होता तो माळ एकेकाळी तोफखान्याची फायरिंग रेंज होता, एवढं सांगितलं. काकांना रस्त्याचं काही वाटलं नाही. रेंजवर विमानतळ बांधला हे मात्र त्यांच्या पचनी पडेना.

"आमच्या रेंजवर कुणाची म्हैस शिरली तरी चौकशी बसायची," म्हणाले, "आणि यांनी विमानं उतरवली?"

पुढच्या आठवड्यात बर्लिन ठरलंय. तिकिटं मीच काढणार, उघड आहे.